मिठाच्या पाण्यातला दिवा

शकू, तू गेल्यापासून घरात माणसांची ये-जा चालू आहे. शेंद्र्याच्या कंपनीतल्या बायका येऊन गेल्या, गल्लीतले येऊन गेले, पाचोडहून काका-काकू आले ते अजून इथंच आहेत. येणारा प्रत्येक जण आईसमोर सतरंजीवर बसतो, थोडा वेळ खाली बघतो आणि म्हणतो, फार शांत होत्या शकुंतलाबाई, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आई मान हलवते. मग तिची नजर हळूच माझ्याकडं वळते आणि रडून सुजलेल्या त्या डोळ्यांत क्षणभर दुसरंच काहीतरी चमकून जातं. शांत म्हणे. जिनं लहानपणी ह्या घरातला विजेचा एक बोर्ड धड ठेवला नाही, ती शांत. त्यांना सांगायला बसले तर ते उठायचे नाहीत. म्हणून तुलाच सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण ह्यातल्या निम्म्या गोष्टींवर आपलं कधी एकमत झालं नाही, आणि आता तू मला मधेच तोडणार नाहीस.

नात्यानं तू माझी आत्या. पण तुला आत्या म्हणावं असं मला कधी वाटलं नाही आणि तूही कधी म्हणायला लावलं नाहीस. बाबांची तू सगळ्यात धाकटी बहीण. आजी गेली तेव्हा तुला नीट बोलताही येत नव्हतं. बाबांनी तुला पाचोडहून उचलून औरंगाबादला आणलं आणि नव्यानंच लग्न होऊन आलेल्या आईच्या ओटीत घातलं. मी जन्मायच्या आधी कितीतरी वर्षं तू तिची लेक होतीस. मी तुझ्या घरात आले, तू माझ्या नाही. आणि मला चालायला यायला लागलं तशी मी तुझ्या मागंमागं फिरायला लागले, कारण जे काही घडायचं ते तू असशील तिथंच घडायचं.

कर्णपुऱ्याच्या जत्रेत बाबांनी मला सेलवर चालणारी जीप घेतली होती. हिरवी, पत्र्याची, पुढं दोन दिवे. भिंतीला धडकली की आपोआप मागं फिरायची. मी ती उशाशी घेऊन झोपले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर जीप स्वयंपाकघराच्या फरशीवर पोट उघडून पडलेली आणि तू तिच्यासमोर पालथी. भाजीच्या सुरीचं टोक वाकलेलं. मी भोकाड पसरलं. तू वर बघितलंसुद्धा नाहीस. नुसता हात लांब करून माझं मनगट धरलंस, मला खाली बसवलंस आणि माझ्या तळहातावर पत्र्याची एक इवलीशी डबी ठेवलीस. मग तिच्या दोन तारा सेलला टेकवल्यास.

ती डबी माझ्या हातात जिवंत झाली. मला आजही दुसरा शब्द सुचत नाही. मुठीत चिमणी धरल्यावर तिचं काळीज जाणवावं तशी ती थरथरत होती. मी रडायची थांबले. तू सेल उलटा केलास, तर डबीतून बाहेर आलेला बारीक दांडा उलटा फिरायला लागला. तू त्याला वहीच्या कागदाचा पंखा लावलास आणि माझ्या तोंडासमोर धरलास. वारा लागला. जीपमधून निघालेला वारा.

"रंजी, जीप म्हणजे हे," तू म्हणालीस. "बाकी नुसता पत्रा होता."

जत्रेतल्या खेळण्यांपैकी मला आठवतं ते हे एकच, आणि ते मोडलेलं.

सेलवर डबीतली मोटार एवढी फिरते तर भिंतीतल्या करंटवर किती फिरेल, हा प्रश्न तुला पडणारच होता. पिन नव्हती. तू तारांची टोकं सोलून सॉकेटच्या भोकांत घातलीस आणि काडेपेटीच्या काड्या खोचून ती घट्ट केलीस. मला दाराबाहेर उभं केलंस. बटण दाबल्यावर ती मोटार पिठाच्या गिरणीसारखी किंचाळली, मग तिच्यातून धूर निघाला आणि रेडिओवरची बाई वाक्याच्या मधेच गप्प झाली. सगळ्या घरातली लाईट गेली होती. संध्याकाळी बाबा कामावरून आले, स्टुलावर चढले आणि फ्यूजला नवी तार लावली. तू त्यांचं स्टूल धरून उभी होतीस. त्यांनी विचारलं, कसा उडाला. तू म्हणालीस, काय माहीत दादा. पण तुझी नजर त्यांच्या बोटांवरून हलत नव्हती. त्यानंतर बाबांना कधी फ्यूज बांधावा लागला नाही. ते शेजाऱ्यांना सांगायचे की आताशा आपल्या भागात लाईट फार चांगली झाली आहे. ते घरी यायच्या आत तू स्टुलावर चढून उतरलेली असायचीस.

मग ते मीठ आलं.

त्याचं मूळ आईच होती, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. ओल्या हातानं बटणाला हात लावू नका, असं ती आपल्याला उठता-बसता सांगायची. तू विचारलंस का. आई म्हणाली पाण्यातून करंट येतो. झालं. येतो तर तो दिसला पाहिजे, असं तुझं म्हणणं. तू ते किती दिवस डोक्यात घोळवलंस कोण जाणे. उन्हाळ्याची सुटी होती, आई शेजारी पापड लाटायला गेली होती, आणि दुपारच्या उन्हात सगळी गल्ली दारं लावून पडली होती. तू एक जुना होल्डर काढलास, त्यात बल्ब लावलास. एक तार सॉकेटमधून बल्बकडं नेलीस. दुसरी मधेच तोडलीस आणि तिची दोन्ही टोकं काचेच्या ग्लासात सोडलीस, एकमेकांपासून लांब. ग्लासात नळाचं पाणी. म्हणजे बल्ब पेटायचा असेल तर करंटला पाण्यातूनच जावं लागणार होतं. मला हे तेव्हा कळलं नव्हतं. तू मला लाकडी पाटावर उभं केलंस, स्वतः दुसऱ्या पाटावर उभी राहिलीस आणि बजावलंस की पाटावरून खाली उतरायचं नाही.

तू बटण दाबलंस. काही झालं नाही. मी तसं म्हणणार तेवढ्यात तू खिडकीचा पडदा ओढलास. अंधारात बल्बच्या पोटातली तार दिसायला लागली. उजेड नव्हताच तो, विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकासारखा लाल ठिपका होता. पण होता. तू श्वास रोखून बघत होतीस. मग तू बटण बंद केलंस, फळीवरची बरणी काढलीस, चिमूटभर मीठ ग्लासात टाकलंस आणि पुन्हा बटण दाबलंस.

दिवा उजळला.

आणखी एक चिमूट. आणखी उजळला. लाल होता तो केशरी झाला, केशरी होता तो पिवळा झाला. तुझं तोंड त्या उजेडात अंधारातून वर येत होतं, हनुवटी, मग नाक, मग डोळे. तारांच्या टोकांभोवती बारीक बुडबुडे फुटत होते. पुढं मी आयुष्यात काय काय बघितलं, शकू. समुद्र बघितला, विमान बघितलं, माझ्या पोरीला जन्मल्यावर पहिल्यांदा बघितलं. पण आईच्या बरणीतल्या मिठानं दिवा पेटतो हे बघताना जशी मी डोळे मिटायची विसरले, तशी फार थोड्या वेळा विसरले. ज्या मिठानं वरणाला चव येते तेच ते मीठ. सगळं घर मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ह्या साध्या गोष्टी आतून काहीतरी वेगळ्याच आहेत आणि आपल्याला कुणी सांगितलेलं नाही, असं वाटलं.

पाणी गरम झालं असेल का, असं मला वाटलं. मी वाकले. वाकताना माझा एक पाय पाटावरून फरशीवर आला आणि फरशी ओली होती, कारण ग्लास भरताना मीच पाणी सांडलं होतं. मी बोट ग्लासाकडं नेलं.

आता आपलं भांडण. तू जन्मभर म्हणत आलीस की माझं बोट पाण्याला लागलंच नाही. लागायच्या आत तू वायर ओढलीस. मी म्हणत आले की लागलं. कोपरापर्यंत कुणीतरी आतून तापलेली सळई ओढल्यासारखं झालं, दात एकमेकांवर आपटले, आणि हात माझा राहिला नाही. तू वायर ओढलीस तेव्हा ग्लासातली दोन्ही टोकं एकमेकांना टेकली आणि बल्ब एकदम लखलखला, एवढा की सगळं स्वयंपाकघर पांढरं झालं. मग काळोख, आणि ग्लास घरंगळत भिंतीकडं गेला. हे तुलाही मान्य होतं. भांडण एवढंच की त्या लखलखाटाच्या आधी माझं बोट पाण्यात होतं की पाण्याच्या वर.

आई दारात उभी होती. तिच्या हातांना पापडाचं पीठ होतं. ती कधी आली हे आपल्याला कळलं नव्हतं.

तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती तशीच उंबऱ्यावर बसली. मला फार उशिरा कळलं, आणि तुलाही तेव्हा माहीत नव्हतं, की सिल्लोडकडच्या तिच्या माहेरी तिचा धाकटा भाऊ विहिरीवरच्या मोटारीला चिकटून गेला होता. तिच्या लग्नाच्या आधी. तो तिच्या डोळ्यांसमोर गेला होता. संध्याकाळी बाबा आल्यावर ती त्यांना एवढंच म्हणाली:

"मला दोघी जिवंत पायजेत. इथं ठेवून मला ते जमायचं नाय. शकूला पाचोडला न्या."

तू रडली नाहीस, विनवण्या केल्या नाहीस. बाबांनी आईला समजवायचा प्रयत्न केला, तुझी शाळा चांगली चालली आहे, नंबरात येते, असं सांगितलं. आईनं मान वर केली नाही. दोन दिवसांनी बाबा तुला घेऊन एसटी स्टँडवर गेले. मी गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. तुझ्या पिशवीत दोन परकर-पोलकी होती आणि एक फ्रॉक. आईनं तुझी वेणी घातली होती, नेहमीपेक्षा घट्ट.

घर फार गप्प झालं. सगळे दिवे वेळेवर लागायचे, वेळेवर विझायचे. आई कामं करायची, पण कुणाला हाक मारायची असली की तिच्या तोंडात आधी तुझं नाव यायचं. मग ती स्वतःच उठून ते काम करायची.

दिवाळीच्या सुटीत आम्ही पाचोडला आलो. त्या उन्हाळ्यानंतर आजोबांना, तुझ्या अण्णांना, लकवा मारून गेला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मागच्या खोलीत बाजेवर पडून असायचे. काका-काकू शेतात, बाजाराच्या दिवशी बाजारात, आणि त्यांच्याजवळ बसायचं काम तुझं. शाळा सुटल्यातच जमा होती. काकू आईला सांगत होती की म्हातारं भिंतीवर हात आपटत राहायचं, कुणाला ऐकू जायचं नाही, आणि मग अंथरुणात सगळं होऊन बसायचं. बिचाऱ्यांना त्याची लाज वाटायची, डोळ्यांतून पाणी यायचं.

आणि तेवढ्यात आत काहीतरी वाजलं. दोन वेळा, थांबून थांबून. कर्कश, किड्याच्या आवाजासारखं. तू चुलीपुढं भाकरी करत होतीस. तू उठलीस, आत गेलीस, आजोबांना कुशीवर वळवलंस आणि परत येऊन भाकरी उलटलीस. काकू म्हणाली, पोरीनं घंटी केली आहे.

आई आत गेली. मीही तिच्या मागं गेले. बाजेच्या लाकडाला सायकलच्या घंटीची वाटी बांधलेली होती. तिच्याजवळ एक मोठा खिळा, आणि त्याच्यावर तांब्याची तार इतकी सारखी गुंडाळलेली की मशीननं केल्यासारखी. गावातल्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानातून तू उरलेली तार मागून आणली होतीस. खिळ्यासमोर बिस्किटाच्या डब्याची कापलेली पट्टी, टॉर्चचे सेल, आणि आजोबांच्या डाव्या हाताखाली लाकडाच्या तुकड्यावर बसवलेलं बटण. भिंतीतल्या करंटची एक तार त्यात नव्हती. एकदा वाजलं की पाणी. दोनदा वाजलं की कूस बदलायची. आणखीही काही खुणा होत्या, त्या तुमच्या दोघांत ठरलेल्या.

आई बघत उभी होती तेवढ्यात आजोबांनी बटण दाबलं आणि सोडलंच नाही. लांबलचक वाजत राहिलं. तू तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळत आलीस आणि त्यांच्या उशाशी बसलीस. आई घाबरली. काय पाहिजे त्यांना, तिनं विचारलं.

"काही नाही वहिनी," तू म्हणालीस. "लांब वाजलं की नुसतं ये म्हणतात. बसायला."

आईनं आजोबांकडं बघितलं. ते तुझ्याकडं बघत होते. तोंडाची एकच बाजू हसत होती. आई मग वाकली, आणि जिनं त्या दुपारनंतर घरातल्या बटणालासुद्धा पदरानं धरून हात लावला होता, तिनं आपलं बोट त्या लाकडी बटणावर ठेवलं आणि दाबलं. घंटी वाजली. आईनं बोट उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा दाबलं. मला तिचा चेहरा दिसत होता. माझा चेहरा मिठाच्या दिव्यासमोर जसा झाला असेल तसाच तो झाला होता.

ती अंगणात जाऊन बराच वेळ बसली. भाकरी जळल्याचा वास सगळीकडं पसरला होता. मग ती आत आली आणि तुला म्हणाली, कपडे भर. बाबांनी विचारलं कुठं निघाली. आई म्हणाली, शाळा चालू व्हायच्या आत घरी. आजोबांचं कसं करायचं, असं तू विचारलंस. तूच विचारलंस, दुसऱ्या कुणाला ते सुचलं नव्हतं. शेवटी आजोबा त्यांच्या बाजेसकट आणि घंटीसकट आपल्या घरी आले आणि शेवटपर्यंत आपल्या पुढच्या खोलीत राहिले. आईला लांब घंटी ऐकू आली की तीही हातातलं काम सोडायची.

पण त्याहून मोठी गोष्ट नंतर झाली. तू परत आल्यावर एका रविवारी, बाबा घरी असताना, आई म्हणाली, "मला ते मिठाचं दाखव." आपल्याला वाटलं ती चिडवते आहे. ती चिडवत नव्हती. तिनं पडदा स्वतः लावला. फरशी स्वतः दोनदा कोरडी पुसली. बाबांना बटणापाशी उभं केलं, मला स्वतःच्या पुढ्यात घेतलं आणि माझी दोन्ही मनगटं मागून इतकी घट्ट धरली की नंतर तिथं वळ उठले होते. आणि मग तिनं बघितलं. तू मीठ टाकत गेलीस आणि दिवा वर येत गेला. ती पुटपुटल्यासारखं म्हणाली, एवढंसं असतं व्हय ते. तेव्हा मला वाटलं ती मिठाबद्दल बोलते आहे. आता वाटतं ती तिच्या भावाबद्दल बोलत होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आयटीआयला तू इलेक्ट्रिशियनच्या वर्गात एकटी मुलगी. मग चिकलठाण्याला, मग शेंद्र्याला, माणसाच्या उंचीची ती विजेची पॅनलं, त्यांच्यातल्या शेकडो तारा, आणि तुझी तपासणी झाल्याशिवाय एकही पॅनल बाहेर जायचं नाही. लग्नाचं विचारलं की तू म्हणायचीस, बघू. माझं लग्न झालं, मी बीड बायपासला राहायला गेले, बाबा गेले, आणि सिडकोतल्या ह्या घरात तू आणि आई राहिलात. नवीन मुली कामाला लागल्या की पहिल्या दिवशी तू त्यांना कोरड्या पाटावर उभं करून दिवा दाखवायचीस, असं परवा एक जण सांगत होती. सेलवरचा, धोका नसलेला. ती सांगत होती तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता, देवळातली गोष्ट सांगावी तसा. मला हे ठाऊक नव्हतं. तू मला कधी सांगितलं नाहीस.

तू कामावर चक्कर येऊन पडलीस तेव्हा मी धावत आले. डॉक्टरांनी तुझ्या छातीचा कागद काढला होता, वर-खाली जाणाऱ्या रेषांचा. तू कॉटवर पडल्या पडल्या त्यांना प्रश्न विचारून बेजार केलंस. हा करंट येतो कुठून, तयार कोण करतं, किती असतो, मधे तुटला तर काय होतं. ते बिचारे सांगत होते, हृदयाचा एक छोटासा भाग स्वतःच वीज तयार करतो, तुमचा तो थकला आहे, म्हणून त्वचेखाली यंत्र बसवावं लागेल, ते वेळेवर ठोका देत राहील. मी रडत होते. तू माझा हात धरून हलवलास, आणि तुझ्या तोंडावर जत्रेतली जीप उघडली त्या दिवशीचे भाव होते.

"रंजी, आत पण करंटच आहे गं. जन्मापासून."

पेसमेकर बसवल्यावर तू महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली होतीस. गळपट्टीच्या हाडाखालच्या त्या उंचवट्यावर आईचं बोट ठेवायचीस. आई म्हणायची, दुखंल. तू म्हणायचीस, नाही दुखत, बघ ना.

मग ह्या पावसाळ्यात फुप्फुसांत पाणी झालं आणि तू त्यातून उठली नाहीस. शेवटच्या आधीच्या दिवशी तू बरी वाटत होतीस. श्वासाची नळी काढलेली होती. मी तुझ्याजवळ बसले होते आणि तू माझ्या उजव्या हाताचं बोट धरून ते निरखत होतीस, जणू त्यावर काही लिहिलेलं आहे. मला वाटलं, आता पुन्हा तेच भांडण काढणार. पण तू वेगळ्याच आवाजात विचारलंस.

"करंट लागला होता का गं खरंच?"

इतक्या वर्षांत तू हे कधी विचारलं नव्हतंस. तू नेहमी सांगायचीस. लागला नव्हता, मी ओढली होती वायर. आणि मला त्या क्षणी कळलं की तू माझ्याशी भांडतच नव्हतीस. तू सगळं आयुष्य स्वतःला सांगत होतीस की नाही लागला. हजारो तारा तपासताना, पोरींना कोरड्या पाटावर उभं करताना, तू एका ओल्या फरशीवरचं बोट पाण्याच्या वर धरून ठेवत होतीस. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सिस्टर आली, मला बाहेर जायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू बोलण्याच्या पलीकडं गेलेली होतीस.

म्हणून आता सांगते. लागला होता, शकू. कोपरापर्यंत. पण हे ऐक. त्या धक्क्याच्या आत, तो चालू असताना, मी बल्ब लखलखलेला बघितला आणि मला भीती वाटली नाही. मला वाटलं, हेच ते, जे शकूला दिसतं ते आता माझ्या हातातून जातंय. आणि तू वायर ओढलीस म्हणून मी ते सांगायला राहिले. तुझं म्हणणंही खरं आहे. तू वेळेतच ओढलीस. नाहीतर माझी पोरगी नसती, मी नसते, आणि तुला हे कुणी सांगितलं नसतं. मला तुझ्यावर कधी राग नव्हता. मला तो धक्का कुणी परत घेतो म्हटलं असतं तरी मी दिला नसता. हे तुला त्या कॉटवर म्हणायला एक वाक्य पुरलं असतं.

तुला घरी आणायच्या आधी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. छातीत पेसमेकर आहे, तो काढावा लागेल, अग्नी देताना त्याचा स्फोट होतो, असं त्यांनी सांगितलं. मी सही केली. मग मी विचारलं, तो मला मिळेल का. स्वच्छ पुसून, प्लास्टिकच्या पुडीत घालून त्यांनी तो माझ्या हातात दिला. चापट, गुळगुळीत, हाताच्या पंजात सहज मावणारा. अजून चालू आहे हा, ते म्हणाले. अजून काही वर्षं चालला असता.

सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर, मी तो आईला दाखवला. ती आता ऐंशीच्या पुढं आहे, तिला हळू सांगावं लागतं. मी सांगितलं की हे शकूच्या छातीत होतं, हे तिच्या काळजाला ठोका द्यायचं. आईनं पुडीतून तो काढून हातात घेतला. कानाला लावला.

"वाजत नाय," ती म्हणाली.

"वाजत नसतं, आई. पण चालू आहे. अजून ठोके देतंय."

आईनं तो तळहातावर ठेवून बराच वेळ बघितलं. मग उजव्या हाताची मूठ मिटली. मला वाटलं थोड्या वेळानं देईल. काकूनं चहा आणला. दारात आणखी कुणी भेटायला आले, सतरंजीवर बसले, फार शांत होत्या म्हणाले. आई मान हलवत होती. मूठ तिच्या मांडीवर होती, तशीच मिटलेली. चहा तिनं डाव्या हातानं घेतला.